मुलीला बीएस्सी नर्सिंगला घालावं का? नर्सेस कमी आहेत म्हणतात, मग टिकत का नाहीत?

डोंबिवलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले पण तिला पेशंटच्या जवळचंच काम करायचंय, म्हणून बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलीय आणि आता प्रवेशाचे कॅप राऊंड सुरू होतील. घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, जगात सगळीकडे नर्सेस कमी आहेत, डब्ल्यूएचओचाच आकडा आहे की २०२३ मध्ये ५८ लाख नर्सेस कमी होत्या, मग नोकरी कुठे जाते. आणि इकडे माझ्या जाऊबाईंची भाची अंधेरीला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात लागली होती, ती वर्षभरात सोडून घरी बसलीय, नर्सिंगचं नावही काढत नाही. एवढी गरज आहे तर मुली टिकत का नाहीत? फी भरायच्या आधी अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगा प्लीज.

आयसीयू_सिस्टर
ताई, जाऊबाईंच्या भाचीला दोष देऊ नका एवढं आधी सांगते. शिकलेल्या मुली मुंबईत भरपूर आहेत, हॉस्पिटलं पुरेशा घेत नाहीत आणि घेतलेल्या थांबत नाहीत, तुटवडा तिथे आहे. नियम बघा, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात प्रत्येक शिफ्टला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक, आयसीयूत बेडमागे एक. मी आधी ज्या प्रायव्हेटला होते तिथे नाईटला वीस-बावीस पेशंटना मी आणि एक नवीन मुलगी. दहाची अँटिबायोटिक्स देत असायचो तेवढ्यात कोपऱ्यातल्या बेडची सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं, तिकडे वळावं तर ओटीतून पेशंट वॉर्डाच्या दारात आलेला, त्याचं बीपी घ्यायचं, ड्रेन (जखमेतली नळी) बघायचा, आणि नातेवाईक विचारतायत सिस्टर पाणी देऊ का. चार्ट लिहायला पहाटे बसायचं, सकाळी हँडओव्हर द्यायला तास उशीर, मग उलट्या बाजूची बदलापूर लोकल. त्या नव्या मुलीला शिकवायला मला वेळच नसायचा आणि चुकीचं इंजेक्शन जाईल ह्या भीतीने ती रडायची. ती सोडून गेली की तिच्या ड्युट्या आमच्या अंगावर, डबल ड्युटी, मग आमच्यातली अजून एक गेली. असं ते चालूच राहतं.

पगाराचं म्हणाल तर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने कमिटी नेमली होती, तिने लिहून दिलं की २०० च्या वर बेड असतील तर प्रायव्हेटनेही सरकारी नर्सएवढा पगार द्यावा आणि ५० च्या खाली बेड असले तरी २०,००० पेक्षा कमी नको. अंमल राज्यांवर सोडला. आज कित्येक छोट्या नर्सिंग होममध्ये विचारून बघा काय देतात ते, मला राग येतो म्हणून इथे लिहीत नाही.

परळकर_७०
माझी आई महापालिकेच्या हॉस्पिटलात होती, खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या घालतात तिथे. त्या सिस्टरना रात्रभर बसलेलं पाहिलं नाही मी. सरकार भरती का करत नाही मग?

निवृत्त_इन्चार्ज_सिस्टर
दादा, माणसं रिटायर होतात आणि जागा तशाच रिकाम्या राहतात, जाहिरात, परीक्षा, निकाल, ऑर्डर ह्यात वर्षं निघतात, मधल्या काळात कंत्राटी भरून वेळ मारून नेतात. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको म्हणून संपावर गेल्या होत्या ते आठवत असेल. कंत्राटी मुलीला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नसतं, ती वॉर्डात जीव कसा लावणार? उलट पर्मनंट लागलेल्या आमच्या बॅचच्या बहुतेक जणी रिटायर होईपर्यंत होत्या, वॉर्ड आम्हालाही जडच होता. स्टाफ नर्सचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, रजा हक्काची, बाळंतपणाची रजा पगारी. माणूस टिकतो तो ह्यामुळे. सेवाभाव वगैरे आहेच पण त्याच्यावर घरभाडं भागत नाही.

नर्सिंग_ट्यूटर
मी कॉलेजात शिकवते म्हणून त्या बाजूने लिहिते. २०२३ च्या बजेटमध्ये १५७ नवीन नर्सिंग कॉलेज जाहीर झाली, चांगलंच आहे, पण शिकवणार कोण? दहा विद्यार्थ्यांमागे एक टीचर हवा, आणि एमएस्सी झालेली मुलगी गल्फला किंवा युकेला जाते कारण इथे ट्यूटरला वॉर्डातल्या पर्मनंट सिस्टरपेक्षा कमी मिळतात. दुसरी अडचण क्लिनिकल पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायची. स्वतःचं चालतं हॉस्पिटल नसलेल्या कॉलेजांच्या मुली मोठ्या हॉस्पिटलांत येतात, एकाच वॉर्डात तीन कॉलेजांचे युनिफॉर्म. कॅथेटर (लघवीची नळी) टाकून दाखवायचा तर बेडभोवती एवढी गर्दी की मागच्या रांगेला माझी पाठच दिसते, आणि त्या पेशंट बाईंना किती अवघडत असेल हा विचार करून मी निम्म्या मुलींना बाहेर पाठवते. त्या निम्म्यांनी कॅथेटर बघितलाच नाही. केसबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या वहीत, प्रसूती भरायच्या असतात त्याचंही तेच. अशी मुलगी पास होऊन नाईटला एकटी उभी केली तर घाबरणारच ना. वर सिस्टरनी लिहिलंय त्या रडणाऱ्या मुलीची सुरुवात इथेच झालेली असते.

म्हणून ताई, कॉलेज निवडताना इमारत आणि एसी लेक्चर हॉल बघू नका. पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं, कुठलं, बेड किती, त्यात पेशंट खरोखर असतात का ते बघा. मुंबईत महापालिकेच्या किंवा सरकारी कॉलेजात सीट मिळाली तर डोळे झाकून घ्या.

बी२_चालू_आहे
मी मालाडला प्रायव्हेटमध्ये आहे आणि जर्मन शिकतेय, बी२ ह्या लेव्हलला आलेय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १०,००० कुशल लोक पाठवायचा करार केला त्यात नर्सिंग पण आहे. मला आईबाबांना सोडून जायचं नाहीये खरं तर, इथे माणसासारखी ड्युटी मिळाली असती तर गेले नसते. दोन गोष्टी मुलीला आत्ताच सांगून ठेवा, नोकरी लागताना ओरिजिनल सर्टिफिकेट हॉस्पिटलला जमा करायची नाहीत, मध्येच सोडून जाऊ नये म्हणून बाँडच्या नावाखाली मागतात, इंडियन नर्सिंग काउन्सिलला ते मान्य नाही. आणि परदेशचं बोलणारा एजंट आधी लाखभर मागत असेल तर उठून यायचं.

डोंबिवलीची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे, ह्यांनाही वाचून दाखवलं. शनिवारी दोन कॉलेज बघायला जातोय. कितीला गेलं तर बरं?

नर्सिंग_ट्यूटर
शनिवारी नको, शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी नऊच्या सुमारास जा, तेव्हा मुली वॉर्डात असतात. ऑफिसात बसू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना जेवणाच्या सुट्टीत गाठा आणि विचारा की ह्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय काय केलं. मुलीलाच विचारू द्या, तुम्ही जरा लांब थांबा.