मदत हवी आहे: रिडेव्हलपमेंटच्या ड्राफ्टमध्ये 'एक कार पार्किंग' एवढंच लिहिलंय, अजून काय लिहून घ्यायचं? (मुलुंड पूर्व)

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमची २४ घरांची सोसायटी आहे, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, बांधून पंचेचाळीस वर्षं झाली. दोन वर्षं भांडून भांडून शेवटी बिल्डर ठरला, ७९ए ची (सहकार कायद्याखाली बिल्डर नेमायची) मीटिंग झाली, रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस येऊन बसून गेला, व्हिडिओ शूटिंग झालं, आणि आता डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट हातात आलाय. पुढच्या रविवारी एसजीएम (विशेष सर्वसाधारण सभा). एरिया, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि भाडं यांचा सगळ्यांनी इतका कीस पाडला की पार्किंगकडे कोणी बघितलंच नाही. ८६ पानांत पार्किंगवर एकच ओळ आहे, "प्रत्येक जुन्या सभासदास एक कार पार्किंग विनामूल्य". कुठे, केवढं, कसलं, काही नाही.

प्लॉट लहान आहे, रॅम्प बसत नाही म्हणे, म्हणून आर्किटेक्टने पझल पार्किंग दाखवलंय, म्हणजे मशीनने गाड्या सरकवून एकावर एक ठेवायच्या. एक लेव्हल खाली खड्ड्यात, एक जमिनीला, दोन वर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पिट आणि वरच्या लेव्हलला गाडीची उंची १५५० असं लिहिलं होतं. बाबांनी चष्मा वर करून ते वाचलं, काही न बोलता आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि खाली गेले. मी गॅलरीतून बघतेय तर वॅगनारच्या टपावर फूटपट्टी आडवी धरून बाबा टेप खाली सोडतायत आणि वॉचमन उकिडवा बसून दुसरं टोक धरतोय. वर येऊन म्हणाले ६६ इंच. १५५० मिलिमीटर म्हणजे ६१. म्हणजे आमची वॅगनार, जी काय मोठी गाडी म्हणायची का हो, ती चारातल्या तीन लेव्हलला जातच नाही, आणि शेजारी उभी असलेली दुसऱ्या मजल्यावाल्यांची लांबलचक सेडान आरामात जाते! बिल्डरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, होऊन जातं, सगळं ॲडजस्ट होतं." काय ॲडजस्ट होतं, गाडीचं टप कापायचं का?

अजून एक पीळ असा की २४ घरांत गाड्या ११. उरलेल्या १३ जणांना बिल्डर म्हणतोय पार्किंग सोडा, पाच लाख घ्या. त्यातले काही जण लगेच तयार आहेत, आणि त्यांचं आम्हाला म्हणणं असं की तुमच्या गाडीपायी आमचे पैसे अडकवू नका.

आणि तिसरं म्हणजे घर रिकामं करायचं तेव्हा गाडी कुठे ठेवायची. आमच्या गल्लीत आत्ताच तीन बिल्डिंगी पाडल्यात. त्यांच्या कंपाउंडमधल्या गाड्या सगळ्या रस्त्यावर आल्या, त्यात दिवसभर सिमेंटचे मिक्सर उभे, आणि प्रत्येकाने आपापल्या गेटसमोर जागा धरायला तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून पाइप रोवून ठेवलेत, एकाने तर जुना कमोड ठेवलाय. भाड्याची घरं बघतोय तर अर्ध्या सोसायट्या सांगतात भाडेकरूला पार्किंग नाही. गाडी विका म्हणाल तर आईचं डायलिसिस आहे आठवड्यातून तीनदा, सकाळी सातचा स्लॉट, त्यामुळे तो ऑप्शन नाही.

तर ड्राफ्टमध्ये नक्की काय शब्द घालायला सांगू? जाणकारांनी प्लीज सांगा, रविवारच्या आत.

चौथा_मजला

अहो घाबरता कशाला, बिल्डर पार्किंग विकूच शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी, दहिसरची केस. पार्किंग सोसायटीचं. बिल्डर पाच लाख देणारा कोण?

जुना_सेक्रेटरी

चौथा मजला, निकाल बरोबर आहे पण तो स्टिल्ट (बिल्डिंगखाली खांबांमधलं) आणि उघड्या पार्किंगबद्दल, मोफा या बिल्डरांसाठीच्या जुन्या कायद्याखाली. नंतर रेरा हा बिल्डर-गिऱ्हाइकांचा नवा कायदा आला, त्यात वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील तर ते गॅरेज, आणि ते विकता येतं. उघडं पार्किंग आजही कॉमन एरियाच आहे. पण ताईंचा प्रश्न विकण्याचा नाहीच, काय लिहून घ्यायचं हा आहे.

कापूसकोंडी ताई, मी आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सात वर्षं निस्तरलंय, केस त्यातच गेले, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे समजून घ्या की महानगरपालिका तुम्हाला घरटी एक पार्किंग द्या असं बिल्डरला सांगत नाही. डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, हिशोब कार्पेटवर (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर) आहे. ४५ चौरस मीटरपर्यंत चार घरांना एक, ४५ ते ६० ला दोन घरांना एक, ६० ते ९० ला एकाला एक, त्यावर एकाला दोन. तुमचं नवीन घर साधारण केवढं? सहाशे फूट कार्पेट धरलं तर ५५-५६ मीटर, म्हणजे नियमाने तुमच्या २४ घरांमागे १२ च पार्किंग लागतात. २४ चा आकडा फक्त बिल्डरच्या शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द ॲग्रीमेंटमध्ये एका ओळीत. कळलं का कुठे मेख आहे ते?

दुसरं, महारेराने (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढला की पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची, बिल्डिंगमध्ये ते कुठे आहे, हे सगळं ॲलॉटमेंट लेटर आणि ॲग्रीमेंट फॉर सेलला परिशिष्ट म्हणून जोडायचं. लोकांना बीममध्ये अडकणारी, दार न उघडणारी पार्किंगं मिळत होती म्हणून. पण हे नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. जुना मेंबर हा त्या अर्थाने गिऱ्हाईक नसतो, त्याच्या भांडणात महारेरा सहसा पडत नाही. त्यामुळे तुमची ताकद सही करायच्या आधीपर्यंतच. तेच परिशिष्ट जसंच्या तसं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटला लावून मागा, आणि पुढे प्रत्येकाचं पर्यायी घराचं वेगळं ॲग्रीमेंट होईल त्यातही. साधं पार्किंग असेल तर २.५ बाय ५.५ मीटर किंवा लहान गाडीचं २.३ बाय ४.५, कुठलं ते लिहून घ्या. मशीनचं असेल तर पॅलेटची (गाडी उभी राहते त्या ट्रेची) आतली उंची आणि किती किलो वजन झेपतं ते. उद्या कोणी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर ती वजनाने भारी असते.

आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. आमच्या एकाही मेंबरला टेप घ्यायचं सुचलं नव्हतं.

पिटातला_बेडूक

नावावरून कळलंच असेल. गोरेगावला तीन वर्षं पझल पार्किंग वापरतोय. आमच्याकडे एक गाडी काढायला दोन-अडीच मिनिटं लागतात, ऐकायला काही नाही, पण साडेआठला सात-आठ जण एकदम खाली उतरले की शेवटचा माणूस वीस मिनिटं तिथेच उभा. शिवाय कोणी गाडी पॅलेटवर जरा तिरकी लावली की सेन्सर पूर्ण सिस्टिम थांबवतो आणि मग त्या माणसाला झोपेतून उठवा. गेल्या पावसाळ्यात पिटमधला पंप बंद पडला, पाणी शिरलं, मोटर गेली, पार्ट यायला चार दिवस. चार दिवस माझी गाडी वर अधांतरी लटकलेली, मी खालून बघतोय आणि रिक्षा शोधतोय.

ताई, डायलिसिसचं वाचलं म्हणून सांगतो, तुम्ही मशीनवालं घेऊच नका. तुमच्या प्लॅनमध्ये थोडं तरी स्टिल्ट असेलच, तिथलं मागा, मेडिकल कारण लेखी द्या. आणि मशीनचा मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट पहिली किमान पाच वर्षं बिल्डरच्या खर्चाने, पंपाला जनरेटर बॅकअप, हे घाला. आमच्याकडे ऑपरेटरचा पगार धरून मेंटेनन्स इतका वाढला की गाडी नसलेले लोक आता आमच्याशी बोलत नाहीत.

हिंदमाताकर

खड्ड्यात पार्किंग, तेही मुंबईत 😀 २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. आर्किटेक्टला विचारा त्याच्या ड्रॉइंगमध्ये बारीक अक्षरात तेही लिहिलंय का.

लोकलमधली_चौथी_सीट

मी उलट बाजूची. आमच्याकडे गाडी नाही, घेणारही नाही, पाच लाख मिळत असतील तर का सोडायचे? गाडीवाल्यांना वाटतं बाकीचे आडमुठे आहेत. कंपाउंडमध्ये माझ्या मुलाला खेळायला जागा नाही कारण तिथे तुमच्या गाड्या, हे पण कधीतरी लिहा.

जुना_सेक्रेटरी

चौथी सीट, मुद्दा खरा आहे, पैसे घ्यायला हरकत नाही, पण कोणाकडून आणि कशाचे ते बघा. सोडलेलं पार्किंग बिल्डर नवीन फ्लॅटवाल्याला लावून देणार, म्हणजे उद्या तुम्ही घर विकायला काढलंत की गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारणार. शिवाय २०२५ च्या मे मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं होतं की पार्किंगचं सर्टिफिकेट नसेल तर नवीन गाडी रजिस्टर करणार नाही. ते जेव्हा आणि जसं अमलात येईल तसं, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं. माझं मत, सोडलेली पार्किंगं सोसायटीच्या नावावर राहू द्या आणि सोसायटीने ती वर्षाच्या बोलीवर मेंबरांना द्यावीत. तेरा जणांना थोडे कमी पैसे मिळतील, पण जागा हातातून जाणार नाही.

कापूसकोंडी

सगळ्यांचे खूप आभार. चौथी सीट, तुमचं वाचून जरा गप्प झाले, आमच्याकडे मुलं जिन्यात क्रिकेट खेळतात हे खरंय.

भाड्याच्या घराबद्दल कोणी सांगेल का?

मिठागर_रोड

मी यातूनच जातेय सध्या. अनुभवाने सांगते, एजंट "पार्किंग आहे" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. ओनरला सोसायटीने दिलेल्या ॲलॉटमेंटचं पत्र बघायला मागा, सोसायटीकडून भाडेकरूची गाडी चालेल असं लेखी घ्या आणि लीव्ह अँड लायसन्समध्ये स्लॉटचा नंबर टाका. आमच्या पहिल्या घरी यातलं काही केलं नाही, तिसऱ्या आठवड्यात चाकाला साखळी. आणि हो, बिल्डर भाडं देतो त्यात पार्किंगचे पैसे वेगळे मागून बघा, आमच्या बिल्डरने महिना अडीच हजार कबूल केले. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कापूसकोंडी

एसजीएम झाली, अपडेट देते.

साडेतीन तास चालली. बाबा टेप घेऊनच गेले होते. आर्किटेक्टने "सर, स्टँडर्ड साइज आहे" म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की आपल्या ११ गाड्यांपैकी किती ६१ इंचाच्या आत आहेत, आणि कोणालाच माहीत नव्हतं, तर मीटिंग अर्धा तास थांबवून सगळे खाली गेले मोजायला. चार बसल्या. फक्त चार! त्यानंतर जे लोक दोन वर्षं आमच्याशी भांडत होते तेच बिल्डरशी भांडायला लागले.

आता ठरलं ते असं: परिशिष्ट लागणार, नंबर आणि मापांसकट. पिट रद्द, त्याऐवजी जमिनीला आणि वर दोन, त्यातली एक लेव्हल उंच गाड्यांची. स्टिल्टमध्ये सहा साधी पार्किंगं निघतायत, ती सीनियर सिटिझन आणि आजारी माणूस असलेल्या घरांना आधी, आमचं त्यात नाव आहे. मेंटेनन्स बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, आम्ही पाचवर अडून आहोत. पाच लाखांचं लटकलंय, तेरापैकी सात जण पैसेच हवेत म्हणतात, पुढच्या मीटिंगला वकील येणार आहे. सुधारित ड्राफ्ट आला की इथे त्यातली पार्किंगची वाक्यं टाकेन, जुना सेक्रेटरी काका, तुम्ही एकदा नजर घाला.

घराचं मात्र अजून जमलेलं नाही. नवघर रोड किंवा हरिओमनगरला वन बीएचके, तळमजला किंवा लिफ्ट, आणि ६६ इंच उंच गाडीला सकाळी सहाला कोणाला न उठवता बाहेर काढता येईल अशी जागा, कोणाच्या बघण्यात असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.