मदत हवी आहे: तांबट दरवर्षी फुलतं, फळ मात्र एकही नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या शेताच्या बांधावर (मावळात) एक काटेरी झुडूप आहे. दीड पुरुष उंच असेल. बुंध्यावरचे काटे असे की काट्यालाच पुन्हा काटे फुटलेत, हात घालायची सोय नाही. गावातले निम्मे लोक त्याला तांबट म्हणतात, निम्मे भेकळ. मोबाईलवरच्या अ‍ॅपने 'गव्हर्नर्स प्लम' असं नाव दाखवलं. प्लम म्हणजे आलुबुखार ना? तो इथे बांधावर कसा उगवला, हा एक प्रश्न.

खरी अडचण वेगळीच आहे. गेली तीन वर्षं मी लक्ष ठेवून आहे. थंडी सरता सरता पानं गळतात, तांबूस पालवी फुटते आणि बारीक पिवळसर फुलं लगडतात. पाकळ्या दिसतच नाहीत, नुसता केसरांचा झुपका. मधमाश्याही येतात. मग काही दिवसांत झाडाखाली पिवळा सडा पडतो आणि संपलं! शेणखत घातलं, पाणी दिलं, एका वर्षी छाटणीही करून पाहिली (हातांची चाळण झाली ती वेगळीच). ओढ्यापलीकडे असंच एक झुडूप आहे. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि ते मात्र आत्ताही फळांनी भरलंय.

आत्याचं म्हणणं, झाड वांझ आहे, तोड आणि मोकळा हो. मला जिवावर येतंय. कुणी सांगेल का काय चुकतंय?

– बांधावरचा

प्रतिसाद: हिरवाचाफा
बोरॉन कमी पडत असेल. फुलं यायच्या आधी फवारून बघा.

प्रतिसाद: काटेसावर
फवारणी राहू द्या. उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: 'नुसता केसरांचा झुपका'. तुमचं झाड नर आहे.

तांबटात नर आणि मादी झाडं सहसा वेगळी असतात, पपईसारखी. शास्त्रात याला विभक्तलिंगी म्हणतात. नर फुलाचं काम पराग देऊन संपतं, मग ते गळतं. तुम्हाला दिसला तो सडा त्याचाच. मादी फुलात केसरांच्या जागी हिरवी कुपी दिसेल, तिच्या डोक्यावर बारीक चांदणीसारखी पसरलेली टोकं. ती टोकं फळ पिकलं तरी जात नाहीत. पलीकडच्या झुडपाचं एखादं फळ तोडून त्याचं टोक बघा.

भेकळ आणि तांबट लांबून सारखे दिसतात म्हणून नावांचा घोळ होतो. भेकळाच्या फुलाला पाच पांढऱ्या पाकळ्या असतात आणि फळ वाळून उकलतं. तांबटाचं फळ गरदार, पिकल्यावर लालसर ते काळपट जांभळं. करवंदाशी गल्लत व्हायची नाही, त्याला चीक असतो आणि पानं समोरासमोर येतात. तांबटाची पानं एकाआड एक.

आता प्लमचं. आलुबुखार गुलाबाच्या कुळातला, आत एकच टणक कोय. तांबट फोडून बघा, चपट्या बिया कितीतरी निघतील. नातं शून्य, फळाच्या रूपावरून इंग्रजीत तसं म्हणतात इतकंच. 'गव्हर्नर' आला तो फ्लाकूर नावाच्या फ्रेंच माणसावरून. १६४८ मध्ये तो मादागास्करचा कारभार बघायला गेला होता. तांबटाच्या प्रजातीचं 'फ्लाकोर्शिया' हे शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच पडलं.

अवांतर, पण मला फार आवडणारी गोष्ट: पूर्वी तांबटाचं स्वतंत्र कुळ मानत. डीएनएचा अभ्यास झाल्यावर त्याला वाळुंजाच्या कुळात हलवलं. ओढ्याकाठच्या वाळुंजाशी या काटेरी झुडपाचं नातं असेल हे नुसतं बघून कुणाच्या मनात येईल? कॉमन लेपर्ड नावाचं नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू मात्र आधीपासून दोन्ही झाडांवर अंडी घालत आलंय. त्याच्या अळ्यांना दोन्हींचा कोवळा पाला चालतो.

प्रतिसाद: बांधावरचा
तीन वर्षं मी नर झाडाला शेणखत घालत होतो तर! मग आता तोडायचं का? आणि पलीकडच्या फळाच्या बिया लावल्या तर?

प्रतिसाद: काटेसावर
तोडू नका. पलीकडच्या मादीला पराग तुमच्याच झाडाचे मिळत असण्याची बरीच शक्यता आहे. आजूबाजूला दुसरं नर झाड नसेल तर तिचीही फळं जातील.

बियांचं रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला काही वर्षं जातात. त्यापेक्षा पावसाळ्यात मादीच्या फांदीवर गुटी बांधा (म्हणजे साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, फांदीलाच मुळं फुटतात), रोप मादीच निघणार. नाहीतर मादीची काडी आणून तुमच्या झाडाच्या एका फांदीवर कलम करा. एकाच बुंध्यावर दोघंही नांदतील. एक राहिलंच: क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही प्रकारची फुलं सापडतात, त्यामुळे पुढच्या हंगामात भिंग घेऊन चार-सहा फांद्या तपासा, मगच पक्कं समजा.

प्रतिसाद: हिरवाचाफा
बोरॉन मागे घेतो.

प्रतिसाद: बांधावरचा
आज ओढा ओलांडून जाऊन आलो. फळाच्या टोकाला बारीक टोकांचं कडं आहे, अगदी तुम्ही सांगितलं तसं. एक फळ फोडलं, आठ बिया निघाल्या. गुटीसाठी दोन फांद्यांना चिंध्या बांधून ठेवल्यात, पाऊस धरला की कामाला लागतो.

आत्याला सांगितलं, झाड वांझ नाही, नर आहे. म्हणाली, "मग तर तोडच."