आर्म कनेक्ट होतो पण लेझर स्कॅनर होईना, ट्यूब इन्स्पेक्शन सॉफ्टवेअर, अर्जंट मदत

पाईपवाला_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत छोटं युनिट आहे, टू-व्हीलरच्या सायलेन्सरचे बेंड पाईप आणि थोड्या हायड्रॉलिक ट्यूब करतो. आजवर सगळं चेकिंग फिक्स्चरवर चालायचं, पाईप बसला तर ओके नाही बसला तर गुडघ्यावर घेऊन थोडा वाकवा, पण आता कस्टमर म्हणतोय की बेंडनिहाय रिपोर्ट पाहिजे, दोन बेंडमधली लेंग्थ, पुढच्या बेंडआधी पाईप किती फिरवला ते रोटेशन, आणि बेंडचा अँगल, सगळं आकड्यात. म्हणून सात ॲक्सिसचा मोजमापाचा आर्म (सांध्यांचा हात, टोक नेऊ तिथला पॉइंट पीसीला देतो) सेकंडहँड घेतला, त्यावर लेझर स्कॅनर आहे, ट्यूब इन्स्पेक्शनचं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याच कंपनीचं. ब्रँड लिहीत नाही, उगं कुणाचं नाव कशाला.

तर झालंय असं की आर्म यूएसबीने लावला की सॉफ्टवेअरात लगेच दिसतो, बॉल प्रोबने (टोकाला गोळी असलेली, पाईपला टेकवायची सळई) पॉइंट घेता येतात. स्कॅनर सिलेक्ट केला की मेसेज येतो डिव्हाइस सापडलं नाही. आणि आर्मवाल्यांची जी स्वतःची युटिलिटी आहे त्याच्यात तोच स्कॅनर मस्त चालायलाय, पाईपवर लाल रेघ पडते, स्क्रीनवर पॉइंट दिसतात! स्कॅनरची वायर कंट्रोल बॉक्समधून लॅनने पीसीला येते. ड्रायव्हर काढून परत टाकून झाला, केबल बदलून झाली. विकणारा फोनवर म्हणतो विंडोज फॉरमॅट मारा. मारू का? कस्टमरचं ऑडिट तोंडावर आहे.

शेंद्रा_सीएमएम

फॉरमॅट अजिबात नका मारू राव, लायसन्स त्या पीसीला बांधलेलं असलं तर अजून एक भानगड मागं लागेल.

तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे बघा. युटिलिटीत स्कॅनर चालतोय म्हणजे स्कॅनर, केबल, ड्रायव्हर हे सगळं नीट आहे, ते काढून परत टाकण्यात काही अर्थच नाही. लोचा आहे तो ड्रायव्हर आणि ट्यूब सॉफ्टवेअर यांच्या मधे. आता तिथं पहिली शंका ही की युटिलिटी बंद केलीय असं वाटतं पण ती खाली घड्याळाजवळ आयकॉन होऊन बसलेली असते आणि स्कॅनर धरून ठेवते, एक प्रोग्राम धरून बसला की दुसऱ्याला मिळत नाही. राइट क्लिक करून पूर्ण एक्झिट करा, टास्क मॅनेजरमधे पण बघून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, काही ब्रँडमधे ड्रायव्हरचा सर्व्हर चालू असावाच लागतो, रोमर आर्मचा आरडीएस तसा आहे, तो बंद केला तर आर्मच गायब होईल. बंद करायचं ते मोजमापाचं दुसरं सॉफ्टवेअर.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर ३२ बिटचं आहे का ६४ बिटचं ते बघा. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी लायब्ररी फाइल) उचलूच शकत नाही, आणि मेसेज मात्र हाच येतो की डिव्हाइस नाही. स्कॅनरची लायब्ररी ट्यूब सॉफ्टवेअरवाले कोणत्या व्हर्जनची मागतात ते त्यांना मेल करून विचारा.

नेटवर्कभाऊ

वरच्या सरांचं बरोबर आहे पण माझी पैज फायरवॉलवर. आर्म यूएसबीवर आहे, चालतोय. स्कॅनर लॅनवर आहे, चालत नाही. हाच तर फरक आहे भाऊ!

होतं काय की स्कॅनरच्या लॅनला ना राउटर ना इंटरनेट, म्हणून विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजून पब्लिकमधे टाकतं. पब्लिकमधे बाहेरून येणारा डेटा अडवला जातो, ज्या प्रोग्रामला परवानगी दिलीय तो सोडून. तुमच्या युटिलिटीने इन्स्टॉल होतानाच परवानगी घेऊन टाकली असणार, ट्यूब सॉफ्टवेअर नवीन आलं त्याला कुणी दिलीच नसेल. फायरवॉलमधे जाऊन त्या सॉफ्टवेअरच्या एक्झी फाइलला अलाऊ करा, प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हीला टिक. अख्खी फायरवॉल बंद करून बसू नका.

आणि हात लागलाच आहे तर त्या लॅन पोर्टचा आयपी बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पीसीला कुणी आयपी दिलेलाच नाही, त्याने आपला आपण घेतलाय. काही स्कॅनर त्याच्यावर पण चालतात, पण मॅन्युअलमधे फिक्स आयपी दिला असेल तर तोच टाका. पीसीला दोन लॅन असतील तर ऑफिसचं नेटवर्क आणि स्कॅनर एकाच रेंजमधे ठेवू नका, पीसीचा गोंधळ होतो की कुठून पाठवू.

पाईपवाला_वाळूज

नेटवर्कभाऊ तुम्ही पैज जिंकली! फायरवॉलच होती. पण ती परवानगी द्यायला ॲडमिन पासवर्ड लागतो आणि आमचं आयटी बघणारा माणूस पुण्यात बसतो, त्याला फोन करकरून शेवटी रिमोटवर घेतला, तोवर चहा दोनदा झाला. टिक मारल्या मारल्या स्कॅनर हिरवा.

आता पुढचं दुखणं. क्रोम केलेला पाईप स्कॅन केला की मधे मधे नुसती भोकं, आणि कुठे कुठे हवेतच पॉइंट दिसतात. काळ्या पाईपला असं होत नाही. आणि तोच पाईप परत स्कॅन केला तर डायमीटर वेगळा येतो. स्कॅनर खराब आहे का?

मेट्रोलॉजी_ताई

स्कॅनर खराब नाही भाऊ, क्रोम म्हणजे आरसाच की, लेझर आदळून भलतीकडेच जातो आणि दुसऱ्या बेंडवरून परत आलेला उजेड सेन्सरला खरा वाटतो, हवेतले पॉइंट ते. एक्सपोजर कमी करून बघा, स्कॅनर अगदी काटकोनात न धरता थोडा तिरपा धरा. तरी नाहीच जमलं तर वेल्डिंगच्या डीपी टेस्टला (तडे शोधायची टेस्ट) जो पांढरा डेव्हलपर स्प्रे मारतात तो हलका मारा. थर चढतो म्हणून घाबरू नका, थर चहूबाजूंनी सारखा असला की पाईपचा मधला अक्ष हलत नाही, आणि आपल्याला अक्षच पाहिजे असतो.

डायमीटरचं कारण वेगळं आहे. तुम्ही बहुतेक फक्त वरून स्कॅन करताय. वरून जेवढी कमान दिसली तेवढ्यावर सॉफ्टवेअर पूर्ण गोल बसवतं, कमान छोटी असेल तर जराशा नॉइजने गोल लहानमोठा होतो आणि त्याच्याबरोबर अक्षही सरकतो. पाईप व्ही-ब्लॉकवर थोडा उचलून पक्का बांधा, अर्ध्याहून जास्त घेर स्कॅन होईल असं बघा. जागा नसेल तर सॉफ्टवेअरात डायमीटर लॉक करा, पाईपचा ओडी म्हणजे बाहेरचा डायमीटर तर माहितीच असतो. आणि मधे पाईप हलला तर तो स्कॅन फेकून परत सुरू करा, जोडत बसू नका.

अजून एक, नवीन लोक अख्खा पाईप रंगवल्यासारखा स्कॅन करत बसतात, बेंडसकट. गरज नाही. प्रत्येक सरळ भागावर दोन आखूड पट्टे घेतले तरी सॉफ्टवेअर त्यातून सिलिंडर काढतं, शेजारच्या दोन सिलिंडरचे अक्ष जिथे भेटतात तो बेंडचा पॉइंट, आणि त्या पॉइंटवरून लेंग्थ, रोटेशन, अँगल निघतं. बेंड दिसायला छान दिसतो पण आकडा सरळ भागातून येतो. बेंडला लागून बेंड असेल, मधे सरळ भागच नसेल, तिथे मात्र हे कोलमडतं, ते पाईप वेगळे काढून ठेवा. पाईपची कापलेली टोकं बॉल प्रोबने घ्या, धारेवर लेझर घाण डेटा देतो. पण मग प्रोब आणि स्कॅनर दोन्ही एकमेकांशी कॅलिब्रेट पाहिजेत, नाहीतर टोकं एकीकडे आणि पाईप दुसरीकडे. सेकंडहँड घेतलाय ना? कनेक्ट झाला म्हणजे बरोबर मोजतो असं नाही. ऑडिटच्या आधी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्य लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बघून घ्या, त्याची तारीख गेली असेल तर ऑडिटवाला पहिलं तेच विचारणार.

जालना_बेंडर

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. चार बेंडचा पाईप, बॉल प्रोबने प्रत्येक सरळ भागाला दोन रिंगा घ्या, एका रिंगेत चार पॉइंट, झालं. ना स्प्रे ना फायरवॉल. आमचं वर्षानुवर्षं असंच चाललंय.

मेट्रोलॉजी_ताई

जाड पाईपला चालेल दादा. पातळ भिंतीची लांब ट्यूब असली की प्रोबच्या दाबानेच वाकते, मग मोजता काय तुम्ही? तशा ट्यूबला स्कॅनर नाहीतर काट्यासारखा फोर्क प्रोब, ज्याच्यात इन्फ्रारेडचा उजेड ट्यूबने कापला जातो, हात लावायचं कामच नाही.

आणि आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीला शेड तापलेलं असतं तेव्हा बेंडरवरून काढलेला गरम पाईप लगेच मोजू नका. मोजमापाचं रेफरन्स तापमान २० डिग्री. स्टील मीटरमागे डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २० डिग्रीच्या फरकात मीटरभर पाईप पाव मिलिमीटरच्या आसपास. तुमचा टॉलरन्स (चालणारा फरक) एक मिलिमीटर असेल तर चालून जाईल, अर्धा असेल तर अर्धा वाटा उन्हानेच खाल्ला.

पाईपवाला_वाळूज

ताई लई उपकार. डायमीटर लॉक केला, पाईप उचलून बांधला, आता आकडे जागेवर आहेत. लॅबला फोन केलाय. एक शेवटचं, रिपोर्टमधे अर्धा पाईप लाल आलाय, नेमका कोणता बेंड चुकलाय ते कळेना. आणि करेक्शन बेंडरला कसं पाठवायचं? आमचा सीएनसी बेंडर जुना आहे, सिरीयल पोर्टवाला.

जालना_बेंडर

रंग बघू नका, टेबल बघा. सॉफ्टवेअर मोजलेला पाईप ड्रॉइंगवर बेस्ट फिट करतं, म्हणजे जास्तीत जास्त जुळेल असा बसवतं, म्हणून एक बेंड चुकला तरी चूक सगळीकडं वाटली जाते आणि अर्धा पाईप लाल दिसतो. लेंग्थ रोटेशन अँगलच्या टेबलात मात्र चुकलेला बेंड उघडा पडतो. ९० मागितला आणि ८८.४ आला तर स्प्रिंगबॅक (वाकवून सोडल्यावर पाईप मागं येतो ते) १.६, तेवढं वाढवून परत बेंड करा, परत मोजा. मटेरियलचा लॉट बदलला की हे परत करावं लागतं.

सिरीयलसाठी यूएसबी कन्व्हर्टर घ्या, पण स्वस्तातला डुप्लिकेट चिपवाला नको. एकदा ज्या यूएसबी पोर्टला लावला तिथंच ठेवा, दुसरीकडं लावला की कॉम पोर्टचा (पीसीने त्याला दिलेला) नंबर बदलू शकतो. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट या सेटिंग पीसी आणि बेंडर दोन्हीकडं सेम पाहिजेत. आणि केबल नल मोडेमची (पाठवायची आणि घ्यायची वायर उलटापालट जोडलेली) लागते का सरळ ते बेंडरच्या मॅन्युअलमधे बघून घ्या, आमच्याकडं नल मोडेमच लागली. वेल्डिंग मशीनच्या वायरीजवळून ती केबल नेऊ नका, डेटात कचरा येतो.