मदत हवी आहे: फोटो नाही, पण पक्षी दुर्मीळ. नोंद धरायची की सोडायची?

नमस्कार मंडळी,

आपल्या भागातल्या पक्ष्यांची यादी करायचं काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतलंय. बुलबुल-साळुंकीपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं, दुर्मीळ पक्षी आला की भांडणं. सध्या वाद आहे एका भोवत्यावरून (भोवत्या म्हणजे हॅरियर, माळावरचा शिकारी पक्षी).

गटातल्या एका जुन्याजाणत्या काकांनी माळावर एक तपकिरी भोवत्या पाहिला आणि वहीत 'पांढुरका भोवत्या, मादी' असं लिहिलं. फोटो नाही. पोरांचं म्हणणं, फोटो नाही तर नोंद नाही. काका विचारतात, कॅमेरे नव्हते तेव्हा लोक काय डोळे मिटून पक्षी बघत होते? मला दोघांचंही पटतं, तिथेच घोडं पेंड खातंय.

पांढुरक्याची आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी किती सारखी दिसते ते इथल्या लोकांना सांगायला नको. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. वहीतल्या ओळी जशाच्या तशा देतो: 'गालावर गडद चंद्रकोर, तिच्यामागे फिकट कॉलर, सलग. माझ्या पाठीमागून ऊन. गवतावरून कमी उंचीवर गेली, दुर्बिणीतून नीट दिसली.' तारीख, वेळ आहे. पंखांच्या खालच्या बाजूबद्दल अवाक्षर नाही.

माझे प्रश्न:
१. एवढ्यावर ही नोंद यादीत घेता येईल का?
२. काकांच्या जुन्या वह्या ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर) चढवायच्या आहेत. किती वेळ, किती अंतर फिरले ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं नाही. मग?
३. घरट्याची जागा सगळ्यांना सांगायची का? मागे एकदा सांगितली आणि कॅमेरेवाल्यांची जत्रा भरली.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

वर्णन चांगलं आहे हो. पुस्तक उघडायच्या आधी जागेवर लिहिलेल्या चार ओळींना अस्पष्ट फोटोपेक्षा जास्त वजन असतं. पण फिकट कॉलर एकटी पुरत नाही. पंखाखालून आतली पिसं गडद होती की त्यांवर ठळक पट्टे होते, हे काकांना विचारा. गडद असतील तर पांढुरक्याकडे कल. मात्र ते जे सांगतील ते जुन्या ओळींत घुसवू नका. खाली आजची तारीख घालून वेगळी टीप लिहा. आठवलं नाही तर 'भोवत्या, पांढुरका किंवा माँटेग्यू' असं ठेवा. त्यात काकांचा अपमान नाही.

आणि फोटोच हवा म्हणणाऱ्या पोरांना रानपिंगळ्याची, म्हणजे नामशेष झाला असं समजत होते त्या छोट्या घुबडाची गोष्ट सांगा. कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 साली गुजरातेत मिळाल्याचं सांगितलेला रानपिंगळ्याचा पेंढा भरलेला नमुना संग्रहालयात होता. पुढे कळलं, तो एकोणिसाव्या शतकातला, दुसऱ्याचा चोरलेला आणि वर खोटी चिठ्ठी डकवलेला. ती नोंद बाद केल्यावर पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. सबळ पुरावा हातात असूनही ठिकाण आणि तारीख खोटी, तर काय उपयोग?

फोटो असेल तर मूळ फाइल जपा, कापलेली नको. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून जाते.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: ईबर्डवर जुन्या तारखेची यादी घालता येते आणि किती वेळ, किती अंतर माहीत नसेल तर 'हिस्टॉरिकल' हा पर्याय आहे. अंदाजाने आकडे भरू नका. अशा आकड्यांनी पुढचं विश्लेषण बिघडतं. दुर्मीळ जात टाकली की तिथली यंत्रणा तपशील मागते, मग स्थानिक परीक्षक बघतो. वहीच्या पानाचा फोटो तिथे जोडा. नोंद मान्य झाली नाही तरी ती काकांच्या खात्यात राहते, फक्त सार्वजनिक नकाशावर दिसत नाही.

घरट्याचं म्हणाल तर पिल्लं उडून जाईपर्यंत तोंड बंद. काही संवेदनशील जातींची जागा ईबर्ड आपणहून लपवतं, पण सगळ्याच जातींची नाही. तोवर गटातसुद्धा नेमकी जागा टाकू नका, स्क्रीनशॉट फिरायला वेळ लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. काकांना विचारलं. म्हणाले, 'पंखाखालची बाजू दिसली होती, पण पट्टे होते का ते आठवत नाही, उगाच सांगणार नाही.' आता जोडनावाने नोंद करतोय. पोरांनाही ते मान्य आहे. एकच राहिलं: पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पोपट आमच्याकडे रोज येतोय, तो यादीत कुठे घालायचा?