विनोदाला सूट?
बायका अशाच नि पुरुष तसेच, अशा ठरीव साच्यांवर जाहिरातींत होणाऱ्या विनोदांच्या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की "जाहिरात तीस सेकंदांची, हसायचं नि सोडून द्यायचं, एवढं काय मनावर घ्यायचं". अर्धं पटतं, कारण एका जाहिरातीने कोणी बिघडत नाही. पण तोच विनोद वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रॉडक्टसाठी वापरला जातो, बाईला गाडी पार्क करता येत नाही आणि बाप्याला डायपर बदलता येत नाही, तेव्हा तो विनोद कमी आणि सवय जास्त होते (शिवाय शिळा झालेला असतो ते वेगळंच).

आणि यात फक्त बायकांचीच टिंगल होते असं सगळे धरून चाललेत, तसं नाहीये. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत घातक लिंगभेदी साचे वापरायला बंदी आहे, आणि त्या नियमाखाली पहिल्यांदा ज्या दोन जाहिराती बंद पडल्या त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची होती. दोन बाप खाण्याच्या नादात बाळांना रेस्टॉरंटच्या फिरत्या पट्ट्यावर विसरतात आणि मग म्हणतात आईला सांगायचं नाही हं. कंपनीचं म्हणणं तेच, गंमत होती! नियामकांनी ते मानलं नाही, पुरुषांना मूल सांभाळता येत नाही हाच साचा पुढे रेटला जातोय म्हणाले. मला स्वतःला बंदी जरा जास्तच वाटली, ती जाहिरात बघून मी हसलो होतो. पण माझ्या बायकोचा प्रश्न होता की दोन आया बाळं विसरल्या असत्या तर त्याची कॉमेडी केली असती का कोणी? उत्तर काही सुचलं नाही.