घाई गोदामाच्या फाटकावर सुरू होते
‘ट्रकवाल्यांना एवढी घाई कसली?’ असं विचारलंत म्हणून लिहितोय. 11 वर्षं लांब पल्ल्याची गाडी चालवतोय. माल उतरवायला सात-सात तास ताटकळत ठेवतात. नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही, त्यामुळे धड झोपताही येत नाही. मग पुढची वेळ गाठायची ती रात्रीची झोप मोडून. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. सेकंदाची डुलकीही पुरते. मला एकदा लागली होती. कडेच्या उंचवट्यांवर चाकं खडखडली म्हणून जाग आली. तासभर हात थरथरत होते.

आणि एक, भरलेल्या ट्रकपुढची मोकळी जागा बघून कृपा करून मध्ये घुसू नका. ती आम्ही ब्रेकसाठी राखलेली असते.