वाचनालयाच्या साइटवर मजकूर लिहायला एडिटर (लिहायचं सॉफ्टवेअर) सुचवा (बजेट वर्षाला २,००० रुपयांच्या आत)

फोंडेकर_वाचक: फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची छोटी साइट आहे. नवी पुस्तकं, व्याख्यानांच्या सूचना, निबंध स्पर्धेचे निकाल टाकतो. लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच एचटीएमएल (वेबपानाचा कोड) येत नाही. आमचे एक सभासद, निवृत्त मास्तर, दृष्टिहीन आहेत, मोबाइलवर टॉकबॅकने (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) ऐकतात. त्यांचं म्हणणं, कुठली बातमी कुठे सुरू होते ते कळत नाही, निकाल म्हणजे नावं नि आकड्यांची नुसती माळ, आणि दर दोन ओळींनी ‘इथे क्लिक करा’. एडिटर बदलून हे सुटेल का?

म्हापसा_शुक्रवार: टायनीएमसीई, पैसे भरून. त्यात अ‍ॅक्सेसिबिलिटी चेकर आहे, दृष्टिहीनांना अडतील अशा चुका दाखवतो. फुकट आवृत्तीत तो नाही. दोन हजारांत काय होतंय हो, पाहुणे आले तर इसवण मासा येत नाही त्यात!

डिचोलीकर: वर्डप्रेस. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आलं तेव्हापासून ब्लॉक एडिटर आहे. हेडिंगची पातळी चुकली तर दाखवतो, अक्षरं नि पार्श्वभूमीचा रंग जुळत नसेल तर इशारा देतो. फुकट. आमच्या मंडळाची साइट मीच केली, सगळे विचारतात कोणाकडून केली म्हणून.

जुनं_ते_सोनं: सीकेएडिटर ४. वर्षानुवर्षं चालतोय, कटकट नाही.

डिचोलीकर: त्याच्या मोफत दुरुस्त्या-अपडेट जून २०२३ मध्येच बंद झाल्या, बाब. नवीन माणसाला तो का सुचवताय?

जुनं_ते_सोनं: चालतोय म्हटलं ना.

जत्रेकरी: एडिटर कुठलाही घ्या, वर्डमधून चिकटवणारा सचिव असला की संपलं. आमच्या देवस्थानच्या साइटवर एजन्सीने जत्रेची आख्खी पत्रिका फोटो म्हणून चढवली. पालखीची वेळ, महाप्रसाद, सगळं चित्रात. आंधळ्याला सोडा, गावातल्या म्हाताऱ्यांनाही मोबाइलवर वाचता येईना. वर बिल दिलं ते वेगळंच.

कानांनी_वाचतो: मी संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो, फुकट मिळतो. ‘एच’ दाबलं की पुढच्या हेडिंगवर जातो. तुम्ही ओळ ठळक करून अक्षरं मोठी केलीत तर डोळसाला तो मथळा, माझ्यासाठी साधा परिच्छेदच. मेनूतून ‘हेडिंग २’ निवडा. टॉकबॅकमध्येही हेडिंगवरून हेडिंगवर जाता येतं, मास्तरांचं अर्धं काम तिथेच होईल.

तक्त्याची पहिली ओळ ‘हेडर’ करा, मग नुसतं ‘८२’ न येता ‘गुण ८२’ असं ऐकू येतं. दुव्यात ‘निबंध स्पर्धेचा निकाल’ लिहा, कारण आम्ही दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकतो आणि त्यात पाच ‘इथे क्लिक करा’ आले तर काय समजणार? फोटोला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातल्या सूचना युनिकोडमध्ये आणा, नाहीतर यंत्र एबीसीडीचा कचरा वाचतं.

आणि आमच्यापैकी कोणी लिहिणार असेल तर? टायनीएमसीई नि सीकेएडिटरमध्ये ऑल्ट+एफ१० ने बटणांच्या पट्टीवर जाता येतं. प्रत्येक एडिटरमध्ये अशी सोय असेलच असं नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची एडिटरांसाठीची नियमावली, एटॅग २.० (२०१५), दोन्ही मागते: एडिटर आम्हाला वापरता यावा, आणि त्यातून निघालेलं पान आम्हाला वाचता यावं.

डिचोलीकर: तेच म्हणतोय, हेडिंग! वर्डप्रेसमध्ये सोपं आहे.

मांडवीकाठ: पानाची भाषा पण लावा, मराठीचा कोड एमआर. इंग्रजी राहिली तर आवाज देवनागरीवर अडखळतो.

पेडण्याचो: गोव्यातली साइट, मग कोंकणीचो कोड केओके कित्याक न्हय?

मांडवीकाठ: मजकूर मराठी आहे म्हणून. कोंकणी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरतं केओके लावता येतं.

पेडण्याचो: १९८७ चो राजभास कायदो वाचलाय?

मांडवीकाठ: वाचलाय. मराठीचा उल्लेख त्यातही आहे. आता एडिटरवर बोलूया.

फोंडेकर_वाचक: सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. एडिटर बदलत नाही. साइट करून देणाऱ्या मुलाला सांगून पट्टीवरून रंग, फॉन्ट, अक्षरांचा आकार आणि तक्ता काढून टाकले. हेडिंग, यादी, दुवा, चित्र एवढंच ठेवलं. चित्राला पर्यायी मजकूर दिल्याशिवाय पान प्रसिद्ध होत नाही. निकाल यादीत देणार: नाव, शाळा, गुण, एका ओळीत.

कानांनी_वाचतो: तक्ता काढू नका हो! नीट केलेला तक्ता आम्हाला आवडतो.

फोंडेकर_वाचक: नीट कोण करणार? आमचे सचिव?

म्हापसा_शुक्रवार: चेकर घेतला असता तर बटणं काढावी लागली नसती.

साळगांवकार: धागा आत्ता पाहिला. वर्डप्रेस बघितलंत का?